दुसऱ्या वळणावरचा पिंगळा

मगन पाटलाचं गाव प्रकाशा तीर्थाच्या वरच्या अंगाला, तापीच्या ऐन काठावर. खाली बंधारा झाला तेव्हापासून नदी इथे वाहत नाही, साचून राहते. केळीची शेवटची ओळ संपली की चिखल, आणि चिखल संपला की नजर पोहोचेल तिथवर पाणी. हिवाळ्यात त्या पाण्यावर चक्रवाक उतरतात, थापट्या उतरतात, काठच्या गाळात तुतवार पळत असतात. गावाला ती सगळी बदकंच. नावं घेऊन त्यांच्याकडे पाहणारी माणसं गावात दोनच होती, अमृत आणि मगन.

अमृत पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होता. कालव्याच्या भरावावरून सायकलीने फिरता फिरता त्याला पक्ष्यांचा नाद लागला आणि निवृत्त होऊन गावी आला तो गळ्यात दुर्बीण घालूनच. मगन त्याचा शाळेतला जोडीदार, गुजर घरातला, केळी-उसाचा शेतकरी. सुरुवातीला तो नुसता सोबत म्हणून जायचा. पहाटे साडेपाचला अमृत त्याच्या दाराशी यायचा. हाक मारायचा नाही, घसा खाकरायचा. मगन चपला घालून बाहेर पडायचा आणि दोघं केळीच्या बांधावरून नदीकडे निघायचे. अशी चौदा वर्षं गेली.

काठावर पोहोचल्यावर मगन मोठ्याने मोजायचा, अमृत मनात. मगन चुकला तर अमृत 'चुकलास' म्हणायचा नाही. फक्त खाकरायचा, आणि मगन मुकाट्याने पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचा. शेवटी अमृत वहीत लिहायचा. दोघांच्याही नोंदी त्याच्याच वहीत, त्याच्याच अक्षरात.

बिनसलं ते दोन हजार तेवीसच्या जानेवारीत. सव्वीस तारखेला गावच्या शाळेत झेंडावंदनानंतर अमृतला शाल दिली, 'आपल्या गावचे पक्षिमित्र' म्हणून भाषण झालं. मगन पोरांच्या मागे बाकावर बसला होता. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. अमृतनेही घेतलं नाही. विसरला असेल, लाजला असेल, देव जाणे. पण मगनच्या मनात ते कुसळासारखं रुतून राहिलं.

त्याच आठवड्यात पाहुण्यांना घेऊन मगन सातपुड्यातल्या तोरणमाळला गेला होता. घाटातल्या दुसऱ्या वळणावर गाडी तापली म्हणून सगळे खाली उतरले. समोरच्या मोहाच्या झाडातून काहीतरी करड्या रंगाचं उडालं आणि पलीकडच्या सागात शिरलं. एवढंच. घुबडाच्या जातीचं होतं, इतकं त्याला कळलं. त्याहून जास्त काही दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पितांबरच्या चहाच्या टपरीवर चार माणसं बसलेली असताना तो बोलून गेला, "काल घाटमा रानपिंगळा दिखना माले."

टपरीवरच्या बाकीच्यांना पिंगळा काय आणि रानपिंगळा काय. पण अमृतचा कप हातातच राहिला. साधा पिंगळा गावातल्या चिंचेवरही बसतो. रानपिंगळा त्याचा दुर्मीळ भाऊबंद, कित्येक वर्षं कुणाच्या नजरेलाच न पडलेला, सातपुड्याच्या जंगलात मोजक्या जागी राहणारा. अमृतने आयुष्यात तो पाहिला नव्हता.

"डोकावर ठिपका व्हतात का?" अमृतने विचारलं.

"नही. डोकं साफ व्हतं."

"शेपटी हालाडे?"

"हाव. सारखी."

"उजेड कितला व्हता?"

"दिन निंघेल व्हता ना."

तिन्ही उत्तरं मगनने अमृतच्याच पुस्तकातून उचलली होती. अमृतने त्याच्याकडे पाहिलं. जरा जास्त वेळ पाहिलं, असं मगनला नंतर वाटत राहिलं. मग त्याने वही काढली, मगनच्या नावापुढे तारीख, जागा आणि पक्षी लिहिला आणि पितांबरला म्हणाला, "मगनना चहा मन्हाकडथून."

सांगून टाकायला त्या दिवशी वेळ होता. दुसऱ्या दिवशीही होता. पण पितांबर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, आणि आठवड्याभरात शहाद्याच्या कॉलेजातली रंजिता मॅडम फोन करून म्हणाली, "मगनकाका, तुमची नोंद आम्ही जिल्ह्याच्या यादीत घेतोय." रंजिता जीवशास्त्र शिकवायची आणि दरवर्षी पक्षी गणना भरवायची. मगन फोनवर "हो, हो" म्हणाला. त्यानंतर वेळ राहिला नाही.

फेब्रुवारीपासून अमृत तोरणमाळच्या घाटात जायला लागला. पहाटे चारला मोटारसायकल काढायचा, उजाडताना दुसऱ्या वळणावर असायचा, दुपारी परत. मगनला एकदा म्हणाला, "चाल ना, जागा दखाड." मगनने उसाच्या तोडणीचं निमित्त काढलं. पुन्हा अमृतने विचारलं नाही. परत आल्यावर मगनने विचारलं तर म्हणायचा, "नही दिखना. दिखी एक दिन."

अठरा मार्चला दिसण्याआधीच तो गेला.

मोहाची फुलं पडायचे दिवस. घाटाखालच्या पाड्यावरची गुलाबबाई टोपली घेऊन भल्या पहाटे फुलं वेचायला आली होती. झाडाच्या बुंध्याला टेकून बसलेल्या अमृतशी ती दोन शब्द बोलली आणि पुढच्या झाडाखाली गेली. टोपली भरून परतली तेव्हाही तो तसाच बसलेला. दुर्बीण मांडीवर, मान जराशी वर, डोळे उघडे. तिला वाटलं पाखरू बघतोय. जवळून जाताना तिने हटकलं, तेव्हा कळलं. तिने रस्त्यावर जाऊन जीप थांबवली.

तेराव्याला अमृतची बायको जमनाबाई मगनला आत बोलावून म्हणाली, "मगनभाऊ, हाई वही तुम्ही ठेवा." तिचं माहेर ब्राह्मणपुरीचं, मगनच्या मावशीच्या गल्लीतलं, ती त्याला पाठच्या भावासारखं मानायची. मगनने वही दोन्ही हातांनी घेतली, घरी नेऊन कपाटात कपड्यांच्या तळाशी ठेवली आणि उघडली नाही.

त्यानंतर पहिल्यांदा तो नदीवर गेला तेव्हा सूर्य वर यायचा होता. पाण्यावर धुकं होतं. मधल्या वाळूच्या बेटावर चक्रवाक बसलेले, परतीच्या वाटेला लागायच्या बेतातले. सवयीने मगनने मोठ्याने मोजले. "अठरा."

मागे कुणीतरी खाकरलं.

मगन गर्रकन वळला. केळीची पानं हलत नव्हती, बांध रिकामा होता. बराच वेळ तो तसाच पाठमोरा उभा राहिला. मग नदीकडे तोंड करून पुन्हा मोजायला लागला. एक चक्रवाक बेटाच्या उतारावर, दुसऱ्याच्या आड बसला होता. एकोणीस.

घरी येऊन त्याने बायकोला, गोमतीला, सांगितलं की वारा होता. तिने काही विचारलंच नव्हतं.

पुढे ते अधूनमधून होत राहिलं. रोज नाही. आठ-आठ दिवस काही नाही, आणि मग एखाद्या सकाळी टिटव्या मोजताना, बगळे मोजताना, मागून तो आवाज. दरवेळी मगनचा आकडा चुकलेला असायचा. दरवेळी. कान तपासून घेतले, शहाद्याच्या डॉक्टरने सांगितलं, कान शाबूत आहेत. नदीवर जाणं बंद करून पाहिलं, तर साडेपाचला झोप उघडायची आणि दाराबाहेर कुणीतरी उभं आहे असं वाटत राहायचं. अंथरुणात पडून ते सोसण्यापेक्षा नदी बरी.

दिवाळीनंतर एका सकाळी मगनने एक गोष्ट केली. काठाजवळ सात शेकाट्या लाल काड्यांसारखे पाय टाकत गाळ चाळत होत्या. त्याने त्या नीट मोजल्या, दोनदा मोजल्या, आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "नऊ."

काही आवाज आला नाही. तो थांबला. पुन्हा म्हणाला, "नऊ शेतस." पाण्यावर शेकाट्यांच्या पायांची चुळबुळ तेवढी. पण मागे कुणीच नाही असं त्याला वाटलं नाही. कुणीतरी आहे, ऐकतंय, आणि बोलत नाही, असं वाटलं. चूक झाली तर अमृत खाकरतो, खोटं बोललं तर ऐकून घेतो. टपरीवर हातात कप धरून जसं ऐकून घेतलं होतं तसं. त्या दिवशी तो बांधावरून जवळजवळ पळतच घरी आला.

तोरणमाळच्या घाटातही तो जायला लागला होता. वर्षभरात अकरा वेळा गेला. दुसऱ्या वळणावर मोहाखाली बसायचा आणि मनात एकच धावा करायचा, एकदा दिस. एकदा दिसला तर जे बोललो ते खरं होईल. रानपिंगळा दिसला नाही. गावाने मात्र त्याचा भलताच अर्थ लावला. दोस्ताच्या जागेवर जाऊन बसतो बिचारा, अशी मैत्री राहिली नाही आता, असं पितांबर लोकांना सांगायचा. रंजिताने कॉलेजात बोलावून त्याच्याकडून चार शब्द बोलून घेतले. टाळ्या वाजल्या.

चोवीसच्या मार्चमध्ये वर्षश्राद्ध आलं. त्याच्या पंधरा दिवस आधी रंजिता गावात आली. म्हणाली, "काका, दुसऱ्या वळणावर एक फलक लावायचं ठरलंय. अमृतकाकांचं नाव आणि रानपिंगळ्याचं चित्र. खाली लिहायचं, इथे मगन पाटील यांना रानपिंगळा दिसला. अनावरण तुमच्याच हातून."

"बरं," मगन म्हणाला. ती गेल्यावर तो ओट्यावरच बसून राहिला. गोमतीने दोनदा जेवायला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नदीवर न जाता वही पिशवीत घालून सरळ जमनाबाईच्या घरी गेला. ती अंगण झाडत होती. तिचा मुलगा भावेश दूध घेऊन डेअरीवर गेलेला. मगनने चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं. घाटात काय दिसलं, टपरीवर काय बोललो, का बोललो. शालीचंही सांगितलं. सांगताना त्याची नजर तिच्या हातातल्या झाडूवर होती.

जमनाबाईने झाडू भिंतीला लावला. "वही वाची का?"

"नही भाभी."

"वरीस व्हयनं."

"हिंमत नही व्हयनी."

"उघाड आते. मन्हा समोर." आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याला एकेरी बोलली होती.

मगन पायरीवर बसला. वहीच्या शेवटच्या पानांवर अमृतचं सरकारी, आखीव अक्षर. 'दि. ११ मार्च. तोरणमाळ घाट, दुसरं वळण. मोहाच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी. साधे पिंगळे. डोक्यावर ठिपके स्पष्ट. उजेड चांगला. मगनने पाहिला तो यांतलाच. त्याची नोंद तूर्त आहे तशी ठेवतो.'

पुढच्या पानावर: 'दि. १८ मार्च. दुसरं वळण. सकाळी ६.१०. आकाश स्वच्छ.' त्याखाली कोरं.

मगनने दोन्ही पानं पुन्हा वाचली. मग त्याला एकदम उमगलं. "भाभी, तुम्ही वाचेल व्हती?"

"तेराव्याना आदल्या दिवशी. म्हनीसन तर तुले दिनी." ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "वाटनं, वाचशी, येशी, सांगशी. तू रोज दारवरथून नदीवर जाये. मी रोज वाट देखू."

मगन वहीकडे बघतच म्हणाला, "त्याले कळी गयतं. मंग अठराले परत काबरं गया तो?"

"माले काय माहीत?" जमनाबाई म्हणाली. "मी बी तेच विचारस. रोज सकाय उठीसन तेच."

ओट्यावर चिमण्या उतरल्या होत्या. तिने पदराने त्यांना हुसकलं नाही. बोलली ती त्यांच्याकडे बघत. अमृतच्या छातीत फेब्रुवारीपासूनच दुखत होतं. नंदुरबारला जाऊन दोघांनी दाखवलं होतं. डॉक्टरने बजावलं होतं की पुढच्या तपासण्या होईपर्यंत दगदग नको, चढ चढू नका. भावेशला सांगायचं नाही, मगनलाही नाही, असं अमृतने तिच्याकडून वदवून घेतलं.

"माले माहीत व्हतं, मगनभाऊ. तरी मी चारले उठनू, भाकरी बांधी दिनी. खुशीमा जायेत. इतल्या वरीसमा असा खुशीमा देखेल नही मी त्यास्ले. कशी ना म्हनू? तुम्हीन खोटं सांगं. मी खरं सांगं नही."

दोघांपैकी कुणी रडलं नाही. मगनला आवाजाबद्दलही सांगावंसं वाटलं, म्हणून तेही सांगितलं. नदीवर, मागून, चुकलं की. जमनाबाईला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. तिने एवढंच विचारलं, "बोलतस काही?"

"नही. फक्त खाकरतस."

"आठे घरमा तेबी नही," ती म्हणाली आणि झाडू उचलून राहिलेलं अंगण झाडू लागली.

मगन त्याच दिवशी शहाद्याला गेला. कॉलेजच्या व्हरांड्यात उभं राहून त्याने रंजिताला सांगितलं आणि वही दाखवली. तिने दोन्ही पानं वाचली आणि म्हणाली, "काका, नोंद काढून टाकावी लागेल. कारणही लिहावं लागेल."

"लिहा."

"तुमच्या नावासकट."

"माझंच नाव लिहा."

फलक रद्द झाला. गोष्ट गावात यायला दोन दिवसही लागले नाहीत. पितांबर त्याला चहा देई, पण समोर बसून बोलत नसे. टपरीमागून एकदा कुणीतरी म्हणालं, याच्या एका थापेपायी माणूस गेला, आणि मगन ते ऐकून कप धुवायच्या बादलीशी ठेवून निघाला. भावेशने बोलणं टाकलं, ते अजूनही टाकलेलंच आहे. बापाच्या दुखण्याचं, आईने राखलेलं गुपित त्याला कळलं की नाही, हे मगनला ठाऊक नाही. जमनाबाईने सांगितलं असेल तर तिचं तिने सांगितलं असेल.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी जमनाबाईनेच निरोप पाठवला. तिला ती जागा पाहायची होती. मगनने पुतण्याची गाडी मागून घेतली. पुढे मगन, मागे जमनाबाई आणि गोमती. उजाडायच्या सुमारास ते घाटाखाली पोहोचले, पाड्यावरून गुलाबबाईला सोबत घेतलं आणि दुसऱ्या वळणावर उतरले. गोमतीचे गुडघे धरतात म्हणून ती गाडीतच बसली.

मोहाच्या फुलांचा गोड, जड वास सगळ्या उतारावर पसरला होता. गुलाबबाई पावरी बोलायची, मराठी मोडकीतोडकी. तिने झाड दाखवलं, बुंधा दाखवला, ती कुठून आली आणि कुठे गेली तेही चालून दाखवलं.

"काय बोलले ते तुझ्याशी?" जमनाबाईने तिला समजेल अशा मराठीत विचारलं.

"पुस्तक काढला. घुबडाचा फोटो दाखवला. बोलला, हा इथे बघितला का? मी बोलली, नाही. असा इथे नाही, दुसरा हाय, ठिपक्यावाला." गुलाबबाईने कपाळावर बोटं टेकवून ठिपके दाखवले. "तर तो हसला. बोलला, माझ्या दोस्ताला दिसला हाय. तू फुलं वेच, मी बसतो."

मगनने झाडाला हात लावला आणि तो तिथेच टेकलेला ठेवला. अकरा तारखेला सगळं कळल्यावर, सात दिवसांनी, एका अनोळखी बाईला अमृतने हे सांगितलं होतं. मगनची थाप त्याने स्वतःच्या तोंडाने पुढे चालवली होती. का, हे विचारायला कुणी उरलं नव्हतं. मित्राची लाज राखायला, की अजून थोडी आशा होती म्हणून, की त्याला नुसतं तिथे बसायचं होतं आणि त्यासाठी एक कारण लागत होतं? मगनने तिन्ही अर्थ लावून पाहिले. प्रत्येक अर्थाने त्याला वेगळ्या जागी टोचलं.

गुलाबबाई टोपली घेऊन खालच्या झाडाकडे गेली. जमनाबाई बुंध्याशी, अमृत बसला होता तिथेच, पाय दुमडून बसली. पदर डोक्यावर घेतला. जरा सरकून तिने शेजारी जागा केली. मगन बसला.

दरीतून उजेड वर येत होता. एकेक पाखरू बोलायला लागलं होतं.

"हाई काय बोलनं?" तिने विचारलं.

"बुलबुल."

"आनि हाई?"

"भारद्वाज. खाले झुडूपमा व्हई."

ती विचारत गेली, तो सांगत गेला. तांबट, सातभाई, कोतवाल. चौदा वर्षांत अमृतने तिला एकाही पक्ष्याचं नाव सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. प्रत्येक नाव घेतल्यावर मगन क्षणभर थांबायचा, कान मागे लावून. मग पुढचं नाव घ्यायचा.

वरच्या सागातून एक आवाज आला. छोटा, दोन सुरांचा, एकदाच.

"आनि तो?"

मगनने ऐकलं होतं. आपल्याला काय ऐकू यायला हवंय हेही त्याला माहीत होतं. जिभेवर आलेला शब्द त्याने तसाच धरून ठेवला.

"माहीत नही, भाभी," तो म्हणाला.

जमनाबाईने मान हलवली. "मंग थांबू. परत बोली तव्हय देखा."

दोघं वर बघत बसून राहिली. ऊन झाडाच्या शेंड्यावरून खोडापर्यंत उतरलं, खाली गाडीत गोमतीने दोनदा दार उघडून लावलं, गुलाबबाईची टोपली भरत आली. तो आवाज पुन्हा आला नाही.